एलिमेंटरीचं कूळ, इंटरमिजिएटचं मूळ

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये म्हणतात. परीक्षांना हा नियम लागू नाही. महाराष्ट्रातल्या शाळांमध्ये दरवर्षी दोन परीक्षा अशा होतात, ज्यांना मुलं पाटी-पेन्सिल नव्हे तर ड्रॉइंग बोर्ड, पाण्याचा डबा आणि पोस्टर कलरच्या बाटल्या घेऊन जातात: एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. वर्गाच्या मधोमध स्टुलावर तांब्या, दोन वांगी आणि मागे चुरगळलेलं कापड मांडलेलं असतं. भोवती बसलेली मुलं एक डोळा मिटून, हात लांब करून, पेन्सिलीवर अंगठा सरकवत तांब्याची उंची मोजत असतात. कागदावर आधी उभी मध्यरेषा पडते, मग तिच्या डावी-उजवीकडे तांब्याचे दोन सारखे अर्धे.

वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन हे विषय पिढ्यान्‌पिढ्या पाठ झालेले आहेत. कला संचालनालय १९६५ साली स्थापन झालं आणि आज या परीक्षा तेच घेतं; पण परीक्षांचं कूळ त्याहून बरंच जुनं आहे. चित्रकार घडवणं हा त्या कुळाचा हेतू कधीच नव्हता. त्याचा जन्म कापडाच्या धंद्यातल्या एका चिंतेतून झाला.

१८३० च्या दशकात इंग्लंडच्या गिरण्या जगाला स्वस्त कापड पुरवत होत्या, पण नक्षीत फ्रेंच माल सरस ठरायचा. लिओंच्या रेशमाला जी किंमत यायची ती मँचेस्टरच्या छिटांना येत नव्हती. पार्लमेंटने १८३५-३६ मध्ये चौकशी समिती नेमली आणि १८३७ साली लंडनच्या सॉमरसेट हाउसमध्ये सरकारी ‘स्कूल ऑफ डिझाइन’ सुरू झालं. हेतू स्पष्ट होता: कारखान्याला नक्षीकार हवेत, प्रदर्शनाला चित्रकार नकोत. चित्रकारांसाठी रॉयल अकॅडमी होतीच. म्हणून नव्या शाळेत मानवी देहाच्या रेखाटनाला सुरुवातीला जागाही नव्हती. बोट स्थिर हवं, रेषा स्वच्छ हवी आणि ग्रीक-रोमन नक्षीतल्या अकँथसच्या पानाची वळणं चुकता कामा नयेत, एवढीच अपेक्षा.

चौदा वर्षांनी, १८५१ मध्ये, हाइड पार्कमधल्या काचेच्या महालात जगभरचा माल मांडला गेला. ईस्ट इंडिया कंपनीच्या दालनात किनखाप, शाली, मलमल, जडावाचं काम, धातूची भांडी होती. इंग्रज कारखानदारांच्या दालनांतले गालिचे मात्र असे, की त्यावर पाऊल टाकताना फुलांचा ताटवा तुडवतोय असं वाटावं. वास्तुकार ओवेन जोन्स, सरकारी अधिकारी हेन्री कोल आणि चित्रकार रिचर्ड रेडग्रेव्ह या तिघांनी हा फरक नेमका हेरला. भारतीय कारागीर कापडावर फूल काढतो तेव्हा ते कापडाचंच होतं. त्याला छाया नसते, उठाव नसतो, सपाट पृष्ठभाग सपाटच राहतो. आणि सगळ्या पसाऱ्याखाली भूमितीची बैठक असते. सरकारने प्रदर्शनातून वस्तू विकत घ्यायला पाच हजार पौंड दिले. त्यातला मोठा वाटा भारतीय वस्तूंवर खर्च झाला आणि पुढे साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयाचा पाया त्यातूनच घातला गेला.

१८५२ मध्ये कोलने मार्लबरो हाउसमध्ये एक दालन वाईट नक्षीसाठीच राखून ठेवलं: खरीखुरी वाटणारी फुलं असलेले पडदे, पानाफुलांनी लगडलेले दिवे. लोक ते पाहून हसले आणि ज्यांचा माल टांगला होता ते कारखानदार चिडले. चार्ल्स डिकन्सला हा सगळाच शिस्तीचा बडगा खुपला. १८५४ च्या ‘हार्ड टाइम्स’मध्ये त्याने एक सरकारी साहेब वर्गात आणला आहे. भिंतीच्या कागदावर घोडे आणि गालिच्यावर फुलं असावीत का, असं तो मुलांना दरडावून विचारतो. त्या काळच्या वाचकाला तो म्हणजे कोल हे ओळखायला वेळ लागला नसणार.

जोन्सने आपली सूत्रं १८५६ च्या ‘ग्रामर ऑफ ऑर्नमेंट’मध्ये मांडली. अलंकरणाला भूमितीचा आधार हवा. निसर्गातलं फूल जसंच्या तसं चिकटवू नये, त्याचं सार घेऊन रूप बदलावं. ही सूत्रं त्याला स्पेनमधल्या अल्हांब्राच्या भिंतींनी आणि भारतीय कापडांनी शिकवली होती. सातारा किंवा परभणीतलं पोर आज संकल्पचित्रात वर्तुळाचे आठ भाग पाडतं, त्यात एकाच पानाचा आकार फिरवत नेतं आणि सर सांगतात म्हणून शेडिंग न करता सपाट रंग भरतं, ते याच सूत्रांनुसार. आपल्या विणकरांच्या हातातला नियम लंडनच्या पुस्तकात गेला आणि परीक्षेची अट बनून परत आला.

पद्धत बसवली रेडग्रेव्हने. त्याने चित्रकलेच्या शिक्षणाचे तेवीस टप्पे आखले. पहिला टप्पा पट्टी-कंपासच्या रेषांचा. दुसरा, छापील नमुन्यावरून मुक्तहस्त बाह्यरेषांचा. मग प्लास्टरच्या उठावाच्या नमुन्यावरून बाह्यरेषा, मग छापील नमुन्यावरून छायाकाम, मग प्लास्टरवरून छायाकाम. माणसाची आकृती याच्याही नंतर. स्वतःच्या मनाने नक्षी रचणं बाविसाव्या टप्प्यावर यायचं. तिथवर किती मुलं पोचत असतील? लंडनमध्ये पदकासाठी एकाच प्लास्टरच्या पुतळ्याचं छायाकाम ठिपक्याठिपक्याने करण्यात विद्यार्थी महिनोन्‌महिने घालवत. छाया उजळ करायला ब्रेडचा चुरा वापरत.

या टप्प्यांची मोजदाद करायला ग्रेडच्या परीक्षा आल्या: पहिली ग्रेड, दुसरी ग्रेड, तिसरी ग्रेड. दुसऱ्या ग्रेडला मुक्तहस्त, भूमिती, यथार्थदर्शन आणि वस्तूचं रेखाटन असे पेपर असत. १८६० च्या दशकात शिक्षकाचं मानधन विद्यार्थ्यांच्या निकालाला बांधलं गेलं. निकालावर पोट अवलंबून असलेला शिक्षक मोजता येईल तेच शिकवणार हे उघड आहे. तांब्याचे दोन अर्धे सारखे आहेत का, हे मोजता येतं. तो तांब्या त्या मुलाने खरंच पाहिला का, हे मोजता येत नाही.

मुंबईत हे रोप लावायला पैसा पारशी दात्याचा होता. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी १८५३ मध्ये एक लाख रुपये देऊ केले आणि २ मार्च १८५७ रोजी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या जागेत आजच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे वर्ग भरले. साउथ केन्सिंग्टनचं संग्रहालय उघडलं तेही त्याच वर्षी. देशी कारागिरांचं कसब सुधारावं, टिकावं, ही देणगीमागची इच्छा. त्यासाठी आले ते लंडनचे छापील नमुने आणि ग्रीक-रोमन पुतळ्यांचे प्लास्टर. ज्या कारागिरीचे धडे लंडन गिरवत होतं, तिच्याच वारसांपुढे रोमन पानांची वळणं ठेवली गेली. त्यातून कारागिरांची मुलं फारशी आलीच नाहीत. सुतार, सोनार, साळी यांची पोरं बापाच्या हाताखाली शिकत होती, आणि त्यांना कमाई सोडून बाह्यरेषा घोटायला सवड नव्हती. आली ती लिहिण्यावाचण्यातल्या घरांतली मुलं. बाहेर पडले ते नकाशे काढणारे ड्राफ्ट्समन, छापखान्यांतले चित्रकार आणि सर्वांत जास्त टिकलेली जमात म्हणजे ड्रॉइंग मास्तर.

१८६५ मध्ये लॉकवुड किपलिंग आणि जॉन ग्रिफिथ्स मुंबईत आले. दोघांनीही साउथ केन्सिंग्टनमध्ये काम केलेलं, तरी दोघांनी ती चौकट वाकवली. किपलिंगने क्रॉफर्ड मार्केटच्या दारावर शिल्पपट्ट कोरले आणि कामावर बसलेल्या देशी कारागिरांची रेखाचित्रं काढत तो हिंडला. ग्रिफिथ्सने १८७२ पासून विद्यार्थ्यांना अजिंठ्याला नेलं. १८८५ पर्यंत ती मुलं अंधाऱ्या लेण्यांतल्या भिंतींच्या प्रतिकृती करत राहिली. यातल्या पुष्कळ प्रतिकृती लंडनला पाठवल्या आणि तिथल्या आगीत जळाल्या. पण मुंबईच्या मुलांनी पद्मपाणीच्या भुवईची रेषा स्वतःच्या हाताने काढून पाहिली होती, ती कशी जळणार? प्लास्टरच्या नाकावरून शिकलेली मुलं पहिल्यांदाच अशा रेषेपुढे बसली, जिला छायेवाचून गोलाई येते.

शाळेच्या शिस्तीपलीकडे जाणारे विद्यार्थी त्या शिस्तीतूनच निघाले. विशीतल्या गणपतराव म्हात्र्यांनी १८९६ च्या सुमारास ‘मंदिरपथगामिनी’ घडवली. नऊवारीच्या चुण्यांखालून देह जाणवावा अशी ती मूर्ती पाहून, उघड्या मानवी देहावरून शिकवणारा वर्ग नसलेल्या शाळेतून हे आलं कसं, असं नवल झालं. आबालाल रहिमान याच शाळेतून कोल्हापूरला परतले आणि कोटितीर्थाच्या काठी जलरंगात पाणी, झाडं, ऊन रंगवत राहिले. महादेव विश्वनाथ धुरंधर १८९० मध्ये विद्यार्थी म्हणून आले आणि तिथेच शिक्षक झाले. त्यांच्या आत्मकथनाचं नावच ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’. उघड्या देहावरून रेखाटनाचा वर्ग शाळाप्रमुख ग्लॅडस्टन सॉलोमनच्या कारकिर्दीत, १९१९ नंतर, सुरू झाला. दुसरीकडे कोल्हापुरातच बाबूराव पेंटर सुतारकामाच्या घरात, एकही ग्रेड न देता, पडदे रंगवत शिकले आणि सिनेमाचा कॅमेराही त्यांनी स्वतः बनवला. परीक्षेवाचून अडत नाही, याचा त्यांच्याइतका सज्जड पुरावा दुसरा नाही.

मग लंडनच्या ग्रेडमधून आलेली ही परीक्षा टिकली कशामुळे? ड्रॉइंग मास्तरांमुळे. चित्रकलेच्या शाळेतून निघालेले शिक्षक जिल्ह्याजिल्ह्यांच्या हायस्कुलांत गेले आणि ज्या घरांत रंगाची डबी कधी आली नव्हती तिथल्या मुलांना त्यांनी फॉर्म भरायला लावला. तुझा हात बरा आहे, हे मुलाला पहिल्यांदा कळतं ते बहुधा इथे. दहावीच्या वाढीव गुणांचं आमिष अलीकडचं. त्याआधीही मुलं या परीक्षांना बसतच होती.

काळानुसार पेपर बदलले. छापील नमुन्यावरून मुक्तहस्त गेलं. स्मरणचित्राचा पेपर मात्र रेडग्रेव्हच्या स्वभावाशी जुळत नाही. त्याच काळात पॅरिसमध्ये लकोक द बोआबोद्रां हा शिक्षक विद्यार्थ्यांना वस्तू नीट पाहायला लावून ती नजरेआड झाल्यावर काढायला सांगायचा. तरुण रोदँ त्याच्या हाताखाली शिकला. आपलं स्मरणचित्र त्याहून सैल आहे. आठवडी बाजार, एस.टी. स्टँड, गणपतीची मिरवणूक असा विषय मिळतो आणि मूल स्वतःचं गाव कागदावर उतरवतं. भाजीवालीचं लुगडं, सायकलला टांगलेली दुधाची कॅन, मिरवणुकीत बापाच्या खांद्यावरचं पोर. हात मोठा आणि पाय छोटा होतो, पण पाहिलेलं काहीतरी येतं. परीक्षेचा सर्वांत जिवंत पेपर हाच, आणि गाईडमधली तयार चित्रं पाठ करून मुलं सर्वांत जास्त मारतात तोही हाच.

ही परीक्षा कलावंत घडवत नाही, ही तक्रार जुनी आहे आणि चुकीच्या दारात केलेली आहे. तिने हात घडवायचं कबूल केलं होतं, तेवढं ती करते. जाब विचारायचा तर संकल्पचित्राला विचारावा. ज्या कापडांवरून त्याचे नियम निघाले ती मुलांपुढे कोणी ठेवतच नाही. पैठणीच्या पदरावरचा मोर सपाट का, हिमरूची वेल एका मापाने का वळते, दारातल्या ठिपक्यांच्या रांगोळीत भूमिती कुठे आहे, हे दाखवायला अभ्यासक्रम बदलण्याची गरज नाही. गाईड मिटून आईची एक जुनी साडी वर्गात आणायला सांगितली, तर लंडनचा वळसा न घेता मुलं थेट त्या नियमापाशी पोचतील.