क्षयजंतूचा हजेरीपट

क्षय म्हणजे काय, हे पडेगावात कोणास समजावून सांगावयास नको. कोंदट खोली, अपुरे अन्न आणि धुळीचे काम यांच्या मागोमाग तो घरात शिरतो. त्याचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये १८८२ साली जगापुढे ठेवला. १९९८ साली त्या जंतूची संपूर्ण जनुकसंहिता वाचून झाली: सुमारे ४४ लक्ष अक्षरे, सुमारे ४,००० जनुके.

परंतु हा झाला हजेरीपट. हजेरीपटावर नावे असतात. कोणाचे काम कोणावाचून अडते, हे त्यावर लिहिलेले नसते. पेशीचेही तसेच आहे. तिच्यातील प्रथिनांचे परस्परसंबंध जोडीत गेले की एक जाळे तयार होते, आणि त्या हजारो दुव्यांचा हिशेब गणकयंत्रावाचून होत नाही. आपल्याकडे पुणे विद्यापीठात जैवमाहितीशास्त्राचे केंद्र १९८७ साली निघाले. ‘परम’ हे महागणकयंत्रही १९९१ साली पुण्यातच तयार झाले.

२००१ साली अमेरिकेतील संशोधकांनी पाव फुगविणाऱ्या यीस्टचा असा हिशेब मांडला. प्रथिने १,८७०, दुवे २,२४०. पाच किंवा त्याहून कमी दुव्यांची जी प्रथिने होती, त्यांपैकी २१ टक्क्यांवाचूनच पेशी मरत होती. पंधराहून अधिक दुव्यांच्या प्रथिनांत हेच प्रमाण ६२ टक्के होते.

मग क्षयजंतूचे मर्म असे सापडेल काय? वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने २००८ साली खुल्या औषधशोधाची मोहीम काढली. तीत देशभरच्या विद्यार्थ्यांनी व संशोधकांनी शोधनिबंध चाळून एकेक दुवा नोंदविला. २०१२ साली नकाशा प्रसिद्ध झाला: १,४३४ प्रथिने, २,५७५ दुवे. त्यावरून औषधाने घाव घालण्याजोगी १७ प्रथिने निवडली गेली. त्यांपैकी ५ प्रयोगाने आधीच सिद्ध झालेली होती.

उरलेल्या १२ चे काय? तेथे नकाशा संपतो आणि प्रयोगशाळा सुरू होते. त्याच वर्षी अमेरिकेत मान्यता मिळालेले बेडाक्विलिन हे औषध जिवंत जंतूंवर रसायने तपासूनच हाती आले होते. तेव्हा गणकयंत्राचा उगाच जयजयकार नको.

तरीही या नकाशाचे मोल मोठे आहे. क्षय हा बहुतांशी गरिबांचा रोग. त्याच्या औषधात नफा थोडा, म्हणून शोधही थोडे. अशा कामी अनेकांनी थोडे थोडे कष्ट उचलले आणि हाती आलेले ज्ञान कुलपात न ठेवता सर्वांपुढे मांडले. संघटनेची रीत याहून वेगळी ती कोणती?