विल्यम कॉनरॅड : आवाजाचा धनी

अमेरिकी रेडिओ, चित्रपट आणि दूरचित्रवाणी या तिन्ही माध्यमांत ठसा उमटविणारे अभिनेते विल्यम कॉनरॅड यांचा जन्म २७ सप्टेंबर १९२० रोजी केंटकी राज्यातील लुईव्हिल येथे झाला. दुसऱ्या महायुद्धात ते लढाऊ वैमानिक होते. ‘द किलर्स’ (१९४६) या चित्रपटातील भाडोत्री मारेकऱ्याच्या भूमिकेमुळे ते प्रेक्षकांच्या नजरेत भरले.

सीबीएस रेडिओच्या ‘गनस्मोक’ मालिकेतील मार्शल मॅट डिलन १९५२पासून त्यांच्याच खर्जातील आवाजात बोलू लागला. १९५५मध्ये ही मालिका दूरचित्रवाणीवर आली तेव्हा मात्र कॉनरॅड यांची स्थूल देहयष्टी आड आली आणि भूमिका उंचापुऱ्या जेम्स आर्नेस यांच्याकडे गेली. रेडिओवरील डिलन पुढेही, १९६१पर्यंत, कॉनरॅड यांचाच राहिला. ‘द फ्युजिटिव्ह’ (१९६३-६७) या मालिकेचे निवेदनही त्यांनीच केले. तेथेही ऐकू आला तो केवळ आवाज.

अखेर ‘कॅनन’ (१९७१-७६) या मालिकेतील खासगी गुप्तहेराच्या भूमिकेने त्यांना छोट्या पडद्यावर नायकपद मिळवून दिले. ज्या देहयष्टीने डिलन हिरावला, तीच आता नायकाची ओळख ठरली. ‘जेक अँड द फॅटमॅन’ (१९८७-९२) या मालिकेच्या तर नावातच ती होती. ११ फेब्रुवारी १९९४ रोजी लॉस एंजेलिस येथे त्यांचे निधन झाले.