इंग्रजी पुस्तकांतल्या आपल्या बायका

बचत, कर्जाचे हप्ते, रेशन यांवर आपण नेहमी बोलतो. आज पुस्तकांवर बोलू, आणि तीही इंग्रजी. तुम्ही म्हणाल, इंग्रजीचा अन् आपला काय संबंध? संबंध आहे, कारण त्या पुस्तकांतली घरं आपल्यासारखीच आहेत.

इंग्रजांच्या राज्यात इथल्या बाईबद्दल इंग्रजीत लिहायचे ते बहुतेक साहेब नाहीतर मिशनरी. त्यांना आपलं माजघर बाहेरूनच दिसायचं. आतून लिहिणाऱ्या पहिल्या बायकांपैकी एक आपल्याकडची होती, कृपाबाई सत्यनाथन. त्यांचा जन्म १८६२ साली अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला झाला. आईवडील ब्राह्मण, पण ख्रिस्ती झालेले. १८७८ साली कृपाबाई मद्रासच्या मेडिकल कॉलेजात दाखल झाल्या. त्या काळात मुलीनं डॉक्टरकी शिकायची म्हणजे केवढं धाडस! पण तब्येतीनं साथ दिली नाही आणि शिक्षण सुटलं. तेव्हा त्यांनी लेखणी धरली.

त्यांच्या दोन कादंबऱ्या आहेत. 'सगुणा' बरीचशी त्यांच्या स्वतःच्या आयुष्यावर आहे. 'कमला' ही लहानपणीच लग्न झालेल्या मुलीची गोष्ट. सासरी जाच आहे, आणि नवऱ्याचं मन दुसरीकडे वळतं. पुढे कमला विधवा होते. एक चांगला माणूस तिला लग्नाचं विचारतो, पण ती नाही म्हणते आणि आपलं आयुष्य दुसऱ्यांच्या मदतीला लावते.

विधवाविवाहाचा कायदा तर १८५६ सालीच झाला होता. मग कमला नाही का म्हणाली? काही वाचणाऱ्यांना हा शेवट पटत नाही. आम्हाला वाटतं, कायदा झाला म्हणून मनातली भीती एका दिवसात जात नाही, हेच बाईंनी लिहिलं. आजही वारसाहक्काचा कायदा आहे, तरी भावाकडे वाटा मागताना किती जणींची जीभ अडते!

कृपाबाई १८९४ साली वारल्या, वय अवघं ३२. पुढे त्यांच्या नवऱ्याच्या दुसऱ्या पत्नीनं, कमला सत्यनाथन यांनी, १९०१ साली मद्रासला बायकांसाठी इंग्रजी मासिक काढलं. त्यातच १९०५ साली बंगालच्या रुकैया सखावत हुसेन यांची एक मजेदार गोष्ट आली. त्या गोष्टीतल्या देशात पुरुष घरात पडद्याआड बसतात आणि बायका राज्य चालवतात, उन्हाच्या उष्णतेवर स्वयंपाक करतात. गोष्ट हसवते, पण विचारते काय, तर बाईलाच कोंडायचं हे ठरवलं कुणी? रुकैयांनी पुढे मुलींची शाळाही काढली.

आता १९८८ सालात येऊ. धारवाडच्या शशी देशपांडे यांची 'दॅट लाँग सायलेन्स', म्हणजे 'ते लांबलेलं मौन', ही कादंबरी त्या वर्षी आली. तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यातली जया मुंबईची, शिकलेली. लग्नात नवरा तिचं नाव बदलून सुहासिनी ठेवतो. आपल्याकडेही ताटातल्या तांदळात नवं नाव लिहितात, आणि जुनं नाव माहेरीच राहतं. जया कथा लिहायची. एका कथेला बक्षीस मिळालं, पण नवऱ्याला वाटलं, लोक म्हणतील हा माणूस म्हणजे मीच. तेव्हापासून तिनं मनातलं लिहिणं सोडलं. तिला कुणी मारलं नाही, कोंडलं नाही. घरात वाद नको म्हणून ती गप्प बसत गेली. असं गप्प बसणं आपल्याला ओळखीचं आहे.

जयाच्या घरी जीजा कामाला येते. जीजाला मूल झालं नाही म्हणून तिच्या नवऱ्यानं दुसरी केली. पण जीजाबद्दल जे कळतं ते जयाच्या तोंडून. जीजाचं पुस्तक कुणी लिहिलेलं नाही. कृपाबाईंपासून जयापर्यंत शंभरेक वर्षं गेली, पण लिहिणारी बाई शिकलेल्या घरातलीच राहिली. शेतात राबणारीचं, धुणीभांडी करणारीचं मन तिच्याच शब्दांत अजून फार थोडं आलं आहे.

म्हणून एक काम सांगतो. गटाच्या पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं आपलं माहेरचं नाव सांगावं, आणि मनात असून आजवर न बोललेली एक गोष्ट. जिला लिहिता येतं तिनं ती वहीत उतरवावी, सांगणारीच्याच बोलीत, काही न बदलता. मात्र जिला सांगायचं नसेल तिला आग्रह करू नका.