तबकडीचा आवाज घरभर कसा पोहोंचला

संगीताच्या दृष्टीनें तासगांवचें भाग्य असें कीं, मिरज त्याच्या शेजारीं आहे. मिरजेंत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशीं शिकलेल्या विष्णु दिगंबरांचें पलुसकर हें आडनांव ज्या पलूस गांवावरून पडलें, तें पूर्वीं तासगांव तालुक्यांतच होतें. अब्दुल करीमखांसाहेबांनीं तर मिरजेसच घर केलें. तेव्हां या टापूंतील एखाद्या वाड्याच्या माळ्यावर लाखेच्या जुन्या तबकड्यांची चळत निघाली, तर नवल नाहीं. नवल याचें कीं, त्यांतली एक फिरूं लागतांच तिचा आवाज आज तारेवांचून माजघरांत, ओसरीवर आणि वरच्या मजल्यावर एकाच वेळीं उमटूं शकतो.

बर्लिनर यानें १८८७ सालीं ग्रामोफोनचें पेटंट घेतलें, आणि १९०२ मध्यें गेसबर्ग यानें कलकत्त्यास ध्वनिमुद्रण केलें. त्या कामांत विजेचा संबंध नव्हता. गवई कर्ण्याशीं तोंड नेऊन गाई, त्या कंपानें मेणावर रेघ उमटे. वाजवितांना सुईचें कंपन पडद्यास व पडद्याचें कर्ण्यास मिळे. खांसाहेबांच्या १९०५ च्या सुमाराच्या तबकड्या अशाच घेतलेल्या आहेत. १९२५ पासून मायक्रोफोन आला. त्यांच्या १९३० नंतरच्या तबकड्यांत तोच कंठ अधिक भरलेला वाटतो, त्याचें श्रेय वयापेक्षां यंत्रास देणें बरें.

विजेबरोबर पिकअप आला, आणि सुईची सांगड रेडिओशीं घालतां येऊं लागली. रेडिओग्राम नांवाचें तें भारदस्त लांकडी कपाट म्हणजेच आजच्या जोडणीचें मूळ होय.

मात्र चुंबकीय पिकअपमधून निघणारी वीज अवघी ५ मिलिव्होल्टच्या आसपास असते. पुढच्या यंत्रास तिच्या सुमारें शंभरपट जोर लागतो. शिवाय १९४८ पासून निघालेल्या लाँगप्ले तबकड्यांत खर्ज मुद्दाम दाबून आणि वरचे स्वर चढवून कोरतात. नाहींतर एक रेघ दुसरींत शिरेल. याचें सर्वमान्य प्रमाण १९५४ सालीं ठरलें. म्हणून मध्यें फोनो प्रीअॅम्प्लिफायर लागतो. तो आवाज वाढवितो, तसा दाबलेला खर्जही परत देतो. कित्येक नव्या टर्नटेबलांत तो आंतच असतो. त्यावर दुसरा जोडला तर आवाज फाटतो. अधीर गृहस्थ तो अजिबात वगळून तार थेट लावतो, किनरा आवाज ऐकतो आणि गवयास नांवें ठेवतो! त्यानंतरची पेटी त्या लहरींचे आंकडे करते, सेकंदास ४४,१०० नोंदी किंवा त्याहूनही अधिक, आणि ते वाय-फायनें खोलोखोलीं धाडते.

७८ फेऱ्यांच्या तबकड्यांना निराळा न्याय लावावा लागतो. त्यांची रेघ जवळजवळ तिप्पट रुंद. लाँगप्लेची बारीक सुई तिच्या तळाशीं घासत खरखर तेवढी उचलते. सुई त्यांच्या मापाचीच हवी. १९५४ चें प्रमाणही त्यांना लागू नाहीं; त्या बेतानें दुरुस्ती केली तर आधींच थोडे असलेले वरचे स्वर आणखी दबतात. आणि लाख ठिसूळ. हातून सुटलेल्या तबकडीची दुसरी प्रत मिळेलच, असें नाहीं.

सर्व खोल्यांतील स्पीकर एकाच क्षणीं बोलावेत म्हणून बिनतारी यंत्र आवाज किंचित् रोखून मग सगळीकडे एकदम सोडतें. त्यामुळें सुई टेकल्यावर क्षणभर शांतता असते. दिवाणखान्यांतला स्पीकर तेवढा तारेनें परस्पर जोडला, तर तो पुढें धांवतो आणि माजघरांतून तीच तान मागून येते. असा स्पीकरही मग त्याच पेटींतून वाजवावा लागतो.