देवापुढचा टांगता दिवा

कानबाईच्या जागरणाला आपण देवीपुढे रात्रभर दिवा तेवत ठेवतो. रशियातही घरोघरी देवाच्या चित्रापुढे तेलाचा दिवा साखळ्यांनी टांगत. त्याला लंपादा म्हणतात. श्रीमंतांकडे तो चांदीचा, रंगीत मीनाकामाचा असे. १९२२ मध्ये दुष्काळाचं कारण सांगून तिथल्या सरकारनं चर्चमधलं सोनं-चांदी जप्त केलं. बरंचसं वितळवलं गेलं.

आपल्याकडे जप्ती नाही, तरी पितळी लामणदिवे किलोच्या भावानं मोडीत जातात. पुण्याच्या दिनकर केळकरांनी पत्नी कमलाबाईंच्या साथीनं जुने दिवे जमवले आणि सगळा संग्रह राज्य सरकारला दिला. म्हणून ते आज संग्रहालयात दिसतात.

आपणही गटाच्या वहीत एक पान राखू या: कुणाच्या घरी कोणता दिवा, कुठल्या आजेसासूनं आणलेला. मोडीत घालण्याआधी एवढं तरी लिहू.