पडद्यावरील ठिपके आणि देवनागरी

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतींतील एखाद्या कचेरींत आज संगणकाच्या रुंद पडद्यावर मराठी पत्र उघडलें, तर त्यांतील रफार शोधीत बसावें लागत नाहीं. ही सोय फार उशिरां आली.

१९८१ सालीं आय. बी. एम. कंपनीचा वैयक्तिक संगणक निघाला. त्याच्या रंगीत पडद्यावर ठिपके अवघे ६४० आडवे व २०० उभे. त्यांत पंचवीस ओळी मांडावयाच्या, म्हणजे एका ओळीस उंची आठच ठिपक्यांची! रोमन अक्षराचें तेवढ्यांत भागे. देवनागरीचें कसें भागावें? शिरोरेषेवर वेलांटी, मात्रा, रफार, खालीं उकार, आणि महाराष्ट्राच्या नांवांतलाच ‘ष्ट्र’ म्हणजे तर उतरंड.

छापखान्यांतहि पूर्वीं अशीच अडचण होती. लोकमान्य टिळकांनीं देवनागरी खिळ्यांची संख्या घटविण्याची खटपट केली. तेथें लिपीनें यंत्राकडे यावयाचें होतें. पडद्याच्या बाबतींत यंत्रासच लिपीकडे यावें लागलें, आणि तें न्याय्यच झालें. १९८७ सालीं व्ही. जी. ए. पद्धतीनें उभे ठिपके ४८० केले. कानपूरच्या आय. आय. टी.मध्यें आरंभलेलें भारतीय लिपींचें ‘जिस्ट’ तंत्र १९८८ सालीं स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅक संस्थेनें पुढें नेलें; त्याचें कार्ड बसविलें कीं साध्या संगणकावर देवनागरी उमटे.

२००१ सालीं आय. बी. एम.नेंच सुमारें बावीस इंची पडद्यावर ३८४० बाय २४०० ठिपके बसविले. पण तो घरोघरीं येण्याजोगा नव्हता. २०१४ सालीं अ‍ॅपलच्या सत्तावीस इंची संगणकावर ते ५१२० बाय २८८० झाले, आणि अनुस्वाराचें टिंब चौकोनी न दिसतां वाटोळें दिसूं लागलें.