दूरच्या संगणकाला हुकूम

एका संगणकावरील प्रोग्रामने दुसऱ्या, कदाचित हजारो मैल दूर असलेल्या संगणकावर स्क्रिप्ट चालवावी, तिचा निकाल परत आणावा आणि त्यावरून पुढचे पाऊल ठरवावे, ही आजच्या संगणक व्यवहारातील नित्याची बाब आहे. स्क्रिप्ट म्हणजे क्रमाने पार पाडावयाच्या आज्ञांची लिखित यादी. रात्री माहितीच्या प्रती काढणे किंवा शेकडो सर्व्हरवर प्रणालीची नवी आवृत्ती बसवणे ही कामे कोणी प्रत्येक यंत्रापाशी बसून करीत नाही. ती एखादा प्रोग्रामच करवून घेतो. हुकूम पोचवणे यात फारसे अवघड नाही. तो देणारा खरोखर कोण आणि घेणारा खरोखर कोण, याची खात्री करणे मात्र अवघड आहे.

१९८३ मध्ये बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाने युनिक्सची ४.२ बीएसडी ही आवृत्ती काढली. तीत ‘आरएसएच’ म्हणजे रिमोट शेल ही सोय होती. ‘अमुक यंत्रावरून आलेला अमुक माणूस विश्वासू’ अशी नोंद एका फाइलीत केली की पासवर्डशिवाय हुकूम चालत असे, आणि सारा मजकूर तारेवरून उघडाच जात असे. विद्यापीठाच्या आवारात सगळे एकमेकांना ओळखत, तोवर हे खपून गेले. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला ‘वर्म’ इंटरनेटवर पसरला. त्याने वापरलेल्या वाटांपैकी एक वाट याच भाबड्या विश्वासाची होती.

पुढे १९९५ मध्ये हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरले जात असल्याचे उघडकीस आले, तेव्हा तेथील संशोधक तातू युलोनेन यांनी ‘एसएसएच’ म्हणजे सिक्युअर शेल लिहिले. टेलनेटचा पोर्ट २३ आणि एफटीपीचा २१. त्यांच्या मधला २२ त्यांनी मागितला व तो मिळाला. संभाषण सांकेतिक रूपात जाऊ लागले आणि दोन्ही बाजूंची ओळख किल्ल्यांनी पटवता येऊ लागली. १९९९ मध्ये आलेली ‘ओपनएसएसएच’ ही मुक्त आवृत्ती आज बहुतेक सर्व्हरवर आढळते.

हे काम प्रोग्राममधून करण्यासाठी पायथन भाषेत ‘पॅरामिको’ हे ग्रंथालय आहे. इतर भाषांतही अशी साधने आहेत. प्रोग्राम जोडणी करतो, किल्ली दाखवतो आणि आज्ञा पाठवतो. उत्तरादाखल त्याला तीन गोष्टी मिळतात: आज्ञेने छापलेला मजकूर, चुकांचे निवेदन आणि एक अखेरचा अंक. शून्य म्हणजे यश, अन्य काहीही म्हणजे अपयश. नवशिके प्रोग्रामर मजकूर वाचतात आणि अंकाकडे पाहतच नाहीत. मग प्रत अर्धवट निघाली तरी ‘काम फत्ते’ अशी नोंद होते. याहून फसवी गोष्ट म्हणजे मध्येच तुटलेली जोडणी. उत्तर आले नाही म्हणजे काम झाले नाही, असे मुळीच नाही. म्हणून दुसऱ्यांदा चालली तरी नुकसान होणार नाही, अशाच बेताने स्क्रिप्ट लिहावी लागते.

दुसरा सापळा भाषेचा आहे. एसएसएचमधून आज्ञा एका सलग ओळीच्या रूपात जाते. पलीकडचे शेल, म्हणजे आज्ञांचा अर्थ लावणारा प्रोग्राम, ती ओळ नव्याने वाचते. फाइलीच्या नावात मोकळी जागा असली, तर एका नावाची दोन होतात. त्या नावात अर्धविराम असला, तर पुढचा भाग स्वतंत्र आज्ञा ठरतो. आता ते नाव एखाद्या अनोळखी ग्राहकाने संकेतस्थळावरील अर्जात भरले आहे, अशी कल्पना करा. अर्धविरामापुढे त्याने ‘सर्व फाइली पुसून टाक’ असे लिहिले, तर तुमचाच प्रोग्राम तुमच्याच किल्लीने तो हुकूम इमानेइतबारे पोचवील. बाहेरून आलेला प्रत्येक शब्द अवतरणात बंदिस्त करूनच पाठवणे हा यावरचा उपाय होय. वर्षानुवर्षे माहीत असूनही तो टाळला जातो.

समोरच्या यंत्राची ओळख न पडताळण्याची खोडही अशीच. अनोळखी सर्व्हर आल्यास पॅरामिको मुळात जोडणी नाकारते, पण अनेक प्रोग्रामर पहिल्याच ओळीत ‘येईल त्याला स्वीकार’ असे सांगून मोकळे होतात. कुलूप बसवायचे आणि दार उघडे टाकायचे, असा हा प्रकार!

विंडोजच्या जगात हेच काम मार्क रुसिनोविच यांचे ‘पीएसएक्झेक’ आणि २००९ नंतर ‘पॉवरशेल’ करीत आले आहे. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधून पसरलेल्या ‘नॉटपेट्या’ने यंत्रांच्या स्मृतीतून पासवर्ड उचलले आणि याच पीएसएक्झेकच्या साह्याने शेजारच्या यंत्रांवर स्वतःला चालवले. मर्स्क या जहाज कंपनीचे कामकाज कोलमडले आणि तिच्या समूहाकडे असलेल्या न्हावाशेवा येथील टर्मिनलवरही कंटेनर हलवण्याचे काम विस्कळीत झाले. साधन प्रामाणिक होते. फक्त हुकूम देणारा बदलला होता.

म्हणूनच प्रोग्रामच्या हाती प्रशासकाची सर्वाधिकारी किल्ली देणे हा शुद्ध अविचार आहे. ओपनएसएसएचमध्ये एखाद्या किल्लीपुढे एकच आज्ञा नेमून देता येते. त्या किल्लीने येणाऱ्याने काहीही मागितले, तरी नेमलेली स्क्रिप्टच चालते. प्रत काढण्याची किल्ली चोरीला गेली, तरी चोराला फार तर आणखी एक प्रत काढता येईल.